कॅनव्हासची मूठ

मामांच्या वाड्याच्या मागच्या पडवीत एक बीएसए एम-२० उभी होती. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराने विकायला काढलेल्या सामानातून आजोबांनी ती घेतली होती. मी तिला पुन्हा रस्त्यावर आणायचं ठरवलं, तेव्हा तिच्या हँडलवर कुठल्यातरी स्कूटरच्या रबरी मुठी चढवलेल्या होत्या. कामांच्या यादीतलं सगळ्यांत सोपं काम म्हणून मी मुठींनाच पहिला हात घातला. मूळच्यासारख्या रबरी मुठी मिळवायच्या आणि बसवायच्या, एवढंच तर होतं. महिनाभराने कळलं, की नंबरावरून आमची गाडी ज्या काळात बर्मिंगहॅमच्या कारखान्यातून निघाली असं दिसतं, त्या काळात तिला रबरी मूठ नव्हतीच. कॅनव्हासची होती.

१९४२ च्या सुरुवातीला जपानने मलाया जिंकून घेतला आणि ब्रिटनला मिळणाऱ्या रबराचा मोठा झरा आटला. टायरला रबर लागणारच होतं. म्हणून जिथे रबरावाचून निभेल अशा प्रत्येक जागेवरून ते काढून घेण्यात आलं. लष्करी मोटरसायकलींच्या मुठी कॅनव्हासच्या झाल्या. पाय ठेवायच्या दांड्यांवरचं रबर जाऊन उघडं लोखंड आलं. पावसात भिजलेली, घामाने कडक झालेली ती मूठ धरून तासन्तास गाडी चालवणाऱ्या जवानाचे तळवे कसे होत असतील याची कल्पना करवत नाही. युद्ध संपलं, गाड्या सामान्य लोकांच्या हाती आल्या आणि बहुतेकांनी पहिली संधी मिळताच त्या मुठी काढून फेकल्या, दुकानातून रबरी आणून बसवल्या. बीएसएने युद्धाच्या वर्षांत सव्वा लाखाच्या आसपास एम-२० बनवल्या. त्यांची इंजिनं आजही सापडतात, गिअरबॉक्स सापडतात, पुढच्या गर्डर फोर्कचे भाग सापडतात. युद्धकाळातली खरी कॅनव्हासची मूठ मात्र शोधून शोधून माणूस थकतो.

जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींच्या नादाला लागलेल्या प्रत्येकाला हा धडा कधी ना कधी मिळतो. दुर्मीळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते मोजकंच घडवलेलं, श्रीमंतांसाठीचं काहीतरी. या गाड्यांच्या बाबतीत तसं क्वचितच असतं. इथले बरेचसे दुर्मीळ भाग हजारोंनी बनले होते. ते नकोसे झाले म्हणून भंगारात गेले, किंवा घाईगर्दीत केलेली तात्पुरती सोय म्हणून एकदोन वर्षांत बंद पडले. त्यामुळे एखादा भाग हातात आला की तसे किती बनले होते हे विचारण्याआधी मी दुसरा प्रश्न विचारतो : हा असा का बनवावा लागला, आणि लोकांनी तो का टाकला? उत्तर मिळालं की त्या लोखंडाच्या तुकड्यामागे उभा असलेला काळ दिसायला लागतो.

ट्रायम्फचं उदाहरण घ्या. १९५० च्या आतबाहेरच्या काही ट्रायम्फ गाड्यांच्या इंजिनाचं बॅरल वेगळंच दिसतं. फिन्स, म्हणजे हवेने इंजिन थंड ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या, गोलसर नसून चौकोनी. आणि बाजूला काही फुगीर गुठळ्या, ज्यांना काहीच जोडलेलं नाही. मोटरसायकलीला त्यांचा शून्य उपयोग. ओतकामाच्या साच्यात धातू फुकट घालवायला कुणाला हौस असते? या गुठळ्यांचं मूळ आकाशात आहे. युद्धात ब्रिटिश हवाई दलाला बॉम्बफेकी विमानांत विजेसाठी छोटा जनरेटर हवा होता. ट्रायम्फने आपल्या ५०० सीसी जोड-सिलिंडर इंजिनावरून तो तयार करून दिला. विमानात वजन महत्त्वाचं, म्हणून ओतीव लोखंडाऐवजी बॅरल आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे केले. उभ्या इंजिनाला वारा लागत नाही, म्हणून त्याच्याभोवती पत्र्याचं आवरण घालून आतून पंख्याने हवा खेळवली. ते आवरण स्क्रूने पक्कं करायला या गुठळ्या.

युद्ध संपल्यावर कारखान्यातल्या लोकांच्या लक्षात आलं, की हे हलकं बॅरल शर्यतीच्या इंजिनाला उत्तम आहे. कंपनीचे सर्वेसर्वा एडवर्ड टर्नर यांना शर्यतींवर पैसा घालवणं पसंत नव्हतं, तरीही १९४६ च्या मँक्स ग्रां प्रीसाठी अशा इंजिनाची एक गाडी तयार झाली. आयर्लंडचा एर्नी लायन्स ती घेऊन आइल ऑफ मॅनच्या रस्त्यांवर धो धो पावसात धावला आणि शर्यत जिंकला. शेवटी गाडी पाहिली तर चौकटीची पुढची नळी मोडलेली होती. त्या विजयावरून ट्रायम्फने ‘ग्रां प्री’ नावाचं शर्यतीचं मॉडेल काढलं, आणि मग खडकाळ वाटांवरच्या चाचणी शर्यतींसाठी टीआर-५ ट्रॉफी. दोघांच्याही पहिल्या गाड्यांवर तेच चौकोनी बॅरल, त्याच गुठळ्या. १९५१ पासून ट्रॉफीला खास मोटरसायकलीसाठी ओतलेलं, जवळजवळ पट्ट्यांचं नवं बॅरल मिळालं आणि चौकोनी बॅरलची गोष्ट संपली. आज एखादी ट्रॉफी अस्सल आहे का हे बघायला जाणकार माणूस आधी खाली वाकून त्या बिनकामाच्या गुठळ्या शोधतो.

एम-२० कडे परत येतो, कारण त्या गाडीने मला जे सगळ्यांत आधी शिकवलं ते आट्यांबद्दल होतं. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मला एक पाना मिळाला. एका तोंडावर ‘१/४ डब्ल्यू’ असं कोरलेलं. घरी येऊन मोजपट्टी लावली तर तोंडाची रुंदी पाव इंचाच्या दुपटीहून जास्त. पाना सदोष आहे असं वाटून मी तो बाजूला ठेवून दिला होता. पुढे गाडीच्या कामात मला मदत करणाऱ्या मिस्त्रींनी समजावलं. आपल्या नेहमीच्या पान्यावरचा आकडा नटाच्या डोक्याची रुंदी सांगतो. या जुन्या ब्रिटिश पान्यावरचा आकडा बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो. पाव इंच जाडीच्या व्हिटवर्थ बोल्टचं डोकं ०.५२५ इंचाचं, म्हणजे १३.३ मिलिमीटरच्या आसपास. आपला १३ चा पाना त्यावर चढत नाही आणि १४ चा सैल बसतो. आपल्याकडच्या असंख्य जुन्या गाड्यांचे नट गोल होऊन बसलेत ते याच १४ च्या पान्यामुळे.

जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचं पहिलं प्रमाण मांडलं. त्याआधी दर कारखान्याचे आटे वेगळे असत आणि एकीकडचा नट दुसरीकडच्या बोल्टला लागत नसे. व्हिटवर्थच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा. ते जाडसर, ॲल्युमिनियमसारख्या मऊ धातूत धरून बसणारे. पुढे पोलादासाठी त्याच कोनाचे बारीक आटे आले, त्यांना बीएसएफ म्हणतात. आणि मोटरसायकल ही मुळात सायकलीची लेक असल्यामुळे सायकल उद्योगाचे स्वतःचे आटेही तिच्यात उतरले : कोन ६० अंशांचा आणि बहुतेक सगळ्या जाडीच्या बोल्टांना इंचाला २६ आटे. म्हणजे एकाच गाडीत तीन घराण्यांचे बोल्ट. आता गंमत अशी, की पाव इंची बीएसएफ बोल्टलाही इंचाला २६ च आटे असतात. शेजारी शेजारी धरले तर डोळ्यांना फरक कळत नाही. फरक फक्त कोनाचा, ५५ आणि ६० अंशांचा.

या पाच अंशांनी माझं एक ब्रॅकेट खाल्लं. बोल्ट हाताने दोन-तीन वेढे गेला, मग घट्ट झाला. गंज असेल म्हणून मी पान्याने जोर लावला आणि भोकातले आटे पिळवटून निघाले. मिस्त्री माझ्यावर रागावले नाहीत. त्यांनी तो बोल्ट आणि एक जुना बोल्ट एकमेकांत अडकवून दिव्यासमोर धरले. आट्यांच्या मधून उजेडाची एक बारीक रेघ दिसत होती. ‘दादा,’ ते म्हणाले, ‘एका घराण्याचे असते तर ही रेघ दिसली नसती. जेवढे आटे हाताने जातील तेवढेच खरे. पाना फक्त शेवटच्या आवळणीला.’ तेव्हापासून प्रत्येक बोल्ट बसवण्याआधी मी तो दिव्यासमोर धरतो.

बोल्टच्या डोक्यावरून सालसुद्धा कळतं. युद्धात पोलाद वाचवायला व्हिटवर्थ बोल्टांची डोकी एका मापाने लहान केली गेली आणि नंतर तीच पद्धत राहिली. त्यामुळे त्याच जाडीच्या, त्याच आट्यांच्या युद्धापूर्वीच्या बोल्टचं डोकं मोठं असतं. १९३७ ची म्हणून विकायला आणलेली गाडी आणि तिच्यावर सगळी लहान डोकी, असं दिसलं की त्या गाडीवर नंतर बरेच हात फिरलेत हे समजावं. साठच्या दशकाच्या शेवटी अमेरिकी गिऱ्हाइकासाठी ब्रिटिश कारखाने युनिफाइड आट्यांकडे वळले. तो बदल एका दिवसात झाला नाही. बदलाच्या त्या दोन-तीन वर्षांतल्या गाड्यांत जुने-नवे आटे एकत्र नांदतात, आणि त्या काळातले इंजिनाचे काही भाग ना मागच्या गाडीला लागतात ना पुढच्या. असे मधल्यामधे लटकलेले भाग शोधणं हे जुन्या ब्रिटिश गाड्यांतलं सगळ्यांत जिकिरीचं काम.

अमेरिकेचं नाव निघालंच आहे तर ट्रायम्फ बॉनव्हिलबद्दल बोलायला हवं. टी-१२० बॉनव्हिल आली १९५९ च्या मोसमात. हिला दोन कार्बोरेटर होते, दोन्ही ॲमल कंपनीचे मोनोब्लॉक जातीचे. मोनोब्लॉक म्हणजे कार्बोरेटरचं मुख्य अंग आणि पेट्रोल साठवणारी फ्लोटची वाटी एकाच ओतीव तुकड्यात. ही वाटी एका बाजूला बाहेर आलेली असते. एक कार्बोरेटर असेल तर अडचण नाही. दोन शेजारी शेजारी बसवायचे तर एकाची वाटी दुसऱ्याला भिडते. ट्रायम्फने पहिल्या गाड्यांसाठी जो तोडगा काढला तो अगदी गॅरेजमधल्या मिस्त्रीसारखा होता : दोन्ही कार्बोरेटरांच्या वाट्या कापूनच टाकल्या, आणि दोघांना पेट्रोल पुरवायला मध्ये एक वेगळी वाटी टांगली. इंजिनाची थरथर वाटीतल्या पेट्रोलला लागली की त्याला फेस येतो, म्हणून ती रबरावर टांगलेली. या कापलेल्या मोनोब्लॉकला गाडीवेडे आजही ‘चॉप्ड मोनोब्लॉक’ म्हणतात. ही रचना लवकरच मागे पडली आणि प्रत्येक कार्बोरेटरला आपापली वाटी मिळाली. गाडी नीट चालायला नवी जोडी बरी, म्हणून मालकांनी जुनी काढून टाकली. आता १९५९ ची बॉनव्हिल पूर्ववत करायला निघालेल्याला तीच जोडी लागते.

त्या पहिल्या बॉनव्हिलचा रंगही असाच. टाकी नारिंगी आणि मोतिया करडी. पुढचा दिवा आणि मीटर एका मोठ्या बाकदार आवरणात. अमेरिकेतल्या वेगवेड्या तरुणांना ते रूप म्हाताऱ्या माणसाच्या गाडीसारखं वाटलं आणि पुढच्याच मोसमात ते आवरण जाऊन सुटा दिवा आला. तेव्हा न आवडलेली ती नारिंगी गाडी आज बॉनव्हिलमध्ये सगळ्यांत जास्त शोधली जाते. टर्नर यांच्या आणखी एका कल्पनेचं असंच झालं. १९५७ मध्ये ३५० सीसीच्या ट्वेंटी-वन मॉडेलला त्यांनी मागच्या चाकाभोवती मोठं पत्र्याचं आवरण दिलं, चिखल उडू नये, गाडी सहज पुसता यावी म्हणून. आकारावरून लोक त्याला ‘बाथटब’ म्हणू लागले. मालकांनी ते उतरवून गाडी मोकळी केली आणि पत्रे अडगळीत किंवा भंगारात गेले. मला स्वतःला ते आवरण सुरेख वाटतं. कामावर जाणाऱ्या माणसाची पॅंट कोरडी राहावी असा विचार करणारा अभियंता मला शर्यतवाल्या अभियंत्याइतकाच मोठा वाटतो.

आता गोल्ड स्टार. ब्रिटिश एका सिलिंडरच्या गाड्यांत हिच्याइतकं नाव क्वचितच कुणाला मिळालं असेल. लंडनजवळच्या ब्रुकलँड्सच्या वळणदार ट्रॅकवर शर्यतीत ताशी १०० मैलांहून जास्त वेगाने एक फेरी मारणाऱ्याला सोन्याच्या ताऱ्याचा बिल्ला मिळे. ३० जून १९३७ रोजी वॉल्टर हँडली यांनी बीएसएच्या एम्पायर स्टारवर १०७.५७ मैलांच्या वेगाची फेरी मारून तो मिळवला, आणि पुढच्या वर्षी आलेल्या गाडीला बीएसएने त्या बिल्ल्याचंच नाव दिलं. तिचा शेवटचा आणि सर्वांत प्रसिद्ध अवतार म्हणजे ५०० सीसीची डीबीडी-३४. तिच्या काही गाड्यांत आरआरटी-२ अशी खूण ठोकलेली गिअरबॉक्स असे. तिचे गिअर एकमेकांच्या इतके जवळ, की पहिल्याच गिअरमध्ये गाडी ताशी ६० मैलांच्या आसपास पोचायची. शर्यतीत हे वरदान आणि चौकात, सिग्नलला, क्लच जाळणारं प्रकरण. त्यामुळे रोजच्या वापरात ती गिअरबॉक्स अनेकांनी बदलली. आज तेवढ्या तीन अक्षरांना आणि एका आकड्याला मोल आहे.

मोल आलं की नक्कल येते. गोल्ड स्टारचं रक्ताचं नातं बी-३३ नावाच्या साध्या, कामकरी ५०० सीसी गाडीशी आहे. ॲल्युमिनियमचं हेड, चकचकीत टाकी, उलट्या मेगाफोनसारखा सायलेन्सर लावला की लांबून ती गोल्ड स्टार दिसते. जवळ जाऊन उजव्या बाजूला, चौकटीच्या खालच्या नळीकडे पाहावं. खऱ्या गोल्ड स्टारच्या इंजिनात तेलाचा पंप मोठा आहे. तो नळीला टेकू नये म्हणून त्या नळीला तिथे मुद्दाम एक बाक दिलेला असतो. बाक नसेल तर चौकट गोल्ड स्टारची नाही. पण इथेच एक सुंदर वळण आहे. १९६२-६३ मध्ये बीएसएने त्याच धाटणीच्या चौकटीत दोन सिलिंडरचं ६५० सीसी इंजिन बसवून रॉकेट गोल्ड स्टार काढली. सुमारे दीड हजारच बनल्या. दोन सिलिंडरच्या इंजिनाला तो मोठा पंप नाही, म्हणून तिच्या नळीला बाकही नाही. त्यामुळे कुणी खऱ्या गोल्ड स्टारची महागडी चौकट आणून तिच्यात ६५० चं इंजिन घालून रॉकेट म्हणून विकायला लागला, तर जो बाक एका गाडीचं खरेपण सिद्ध करतो तोच दुसरीचं खोटेपण उघडं पाडतो.

नंबरांचंही असंच. ‘इंजिन आणि चौकटीचा नंबर सारखा आहे का?’ हा प्रश्न आपण सवयीने विचारतो. त्या काळच्या बीएसएने दोन्हींना वेगवेगळे नंबर दिले, ते कधी जुळतच नव्हते. कारखान्यातून गाडी बाहेर पडताना कुठला इंजिन नंबर कुठल्या चौकटीसोबत, कुठल्या दुकानदाराकडे गेला हे वहीत लिहिलं जाई. त्या वह्या आज बर्टन-अपॉन-ट्रेंट इथल्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबकडे आहेत. ही संस्था १९४६ ची. अर्ज केला की तिचे ग्रंथपाल वहीतली ओळ शोधून दाखला देतात. म्हणजे एकच नंबर दोन्हीकडे ठोकलेली जुनी गोल्ड स्टार दिसली, तर ठोकणाऱ्याला इतिहास माहीत नव्हता एवढं नक्की. ट्रायम्फने पुढे हुशारी केली : १९६९ च्या सुमारापासून नंबराच्या जागेवर आधी आपल्या नावाचे छोटे छोटे ठसे उमटवले आणि त्यावर नंबर ठोकला. कानस घासून नंबर बदलला की ते ठसेही पुसले जातात.

स्टीव्हनेजच्या व्हिन्सेंट कारखान्याची पद्धत आणखी वेगळी. त्यांच्या युद्धानंतरच्या ९९८ सीसी जोड-सिलिंडर गाड्यांत इंजिनाच्या अनुक्रमांकात १९०० मिळवले की चौकटीचा नंबर येतो. ब्लॅक शॅडो ही त्यांची वेगवान गाडी. इंजिनाला भट्टीत पक्का केलेला काळा लेप आणि समोर पाच इंची, १५० मैलांपर्यंतचा मीटर. साध्या रॅपिडला काळं फासून शॅडो म्हणवता येतं, म्हणून जाणकार रंगाकडे न बघता इंजिन नंबरातलं ‘१बी’ बघतात. आणि फार मोजक्या आहेत त्या व्हाइट शॅडो : शॅडोचंच इंजिन, पण काळा लेप न देता धातू उघडा ठेवलेला. शर्यतीसाठीची ब्लॅक लाइटनिंग तर तिसेकच बनली. त्यांतली एक, जॅक एरेट यांनी १९५३ मध्ये ऑस्ट्रेलियात वेगाचा विक्रम केलेली, जानेवारी २०१८ मध्ये लास वेगासच्या लिलावात ९,२९,००० डॉलरना गेली. तिला नवा मुलामा दिलेला नव्हता. ओरखडे, झिजलेली सीट, सगळं जसंच्या तसं. एवढी किंमत त्या न पुसलेल्या ओरखड्यांनाही आली, असं मी मानतो.

कधीकधी भागांची टंचाई किंवा मुबलकता पार दुसऱ्याच खेळातून येते. पन्नासच्या दशकात ५०० सीसीच्या फॉर्म्युला थ्री मोटारींना नॉर्टन मँक्सचं इंजिन हवं असे. नॉर्टन सुटं इंजिन विकत नसे, मग मोटारवाले अख्खी मँक्स घेऊन इंजिन काढून घेत. मागे उरे ती बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंनी रेखलेली अप्रतिम ‘फेदरबेड’ चौकट. तिच्यात कुणीतरी ट्रायम्फचं इंजिन बसवलं आणि ‘ट्रायटन’ जन्मली, जी कुठल्याच कारखान्याने कधी बनवली नाही.

आमच्या एम-२० च्या मीटरबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. तो स्मिथ्स कंपनीचा ‘क्रोनोमेट्रिक’. लंडनच्या क्रिकलवूडमध्ये बनलेला. मीटर बंद होता आणि मिस्त्रींनी तो उघडायला साफ नकार दिला, ‘हे माझं काम नाही, घड्याळजीकडे न्या’ म्हणाले. घड्याळजींनी मागचं झाकण काढलं आणि भिंग लावून मलाही आत बघू दिलं. आत खरोखर घड्याळ होतं. बॅलन्स व्हील, दातेरी चक्रं, पितळी पट्ट्या. चाकाकडून येणारी केबल फिरते, आतलं घड्याळ एक ठरावीक, सेकंदापेक्षाही लहान काळ मोजतं, तेवढ्या काळात केबलीचे किती वेढे झाले यावरून काटा तिथे नेऊन ठेवतं आणि पुढची मोजणी सुरू करतं. म्हणून या मीटरचा काटा सरकत नाही, टप्प्याटप्प्याने उडी मारतो. ३० वर थांबला, टक्, ३४. थांबला, टक्, ३७. पुढे साठच्या दशकात चुंबकावर चालणारे स्वस्त मीटर आले आणि काटे तरंगू लागले. डायलवर एस अक्षराने सुरू होणारा बारीक क्रमांक असतो, त्यावरून तो मीटर कुठल्या गाडीसाठी जुळवलेला होता ते कळतं. घड्याळजींनी वाळलेलं तेल धुऊन काढलं, दोन थेंब नवं घातलं आणि केबल बोटांनी फिरवली. टक्, असा आवाज आला. मीटर चाळीसेक वर्षं मुका होता.

आपल्याकडच्या बहुतेकांना हे सगळं दूरदेशीचं वाटेल, पण यातला एक नमुना आपल्या गल्लीत उभा आहे. रेडिचची रॉयल एनफिल्ड १९५५ मध्ये मद्रासच्या मंडळींशी जोडली गेली आणि तिरुवोट्टियूरला बुलेट बनू लागली. रेडिचच्या कारखान्याने पुढे बुलेटमध्ये बदल केले, मग गाशा गुंडाळला. आपल्याकडे मात्र १९५५ च्या घडणीची ३५० बुलेट दशकानुदशकं त्याच अंगलटीने निघत राहिली. हेडलाइटच्या दोन बाजूंचे ते छोटे ‘टायगर’ दिवे, टाकीपुढच्या आवरणातला ॲमीटर, उजव्या पायाचा गिअर. आणि त्या गिअरच्या मागे आणखी एक छोटी दांडी, जिला टाच मारली की गाडी वरच्या गिअरवरून थेट न्यूट्रलमध्ये येते. ती आल्बियन गिअरबॉक्सची देणगी. सिग्नलला उभं राहताना टाचेने ती दांडी दाबणारे काका आमच्या पिढीने पाहिलेत, आणि ती निव्वळ बुलेटची खोड आहे असं समजून आपण सोडून दिलं. तिकडे ब्रिटनमध्ये रेडिचच्या जुन्या बुलेटवाल्यांना ज्या भागांसाठी भंगारखाने पालथे घालावे लागले असते, त्यांतले कितीतरी त्यांना भारतातून नवे मिळाले. नव्या घडणीचं इंजिन आल्यावर आता आपल्याही बुलेटची ती दांडी, ते लोखंडी बॅरल जुन्या बाजाराच्या फडक्यावर दिसू लागलंय. ज्यांच्या घरी ते अजून आहे त्यांनी ते सांभाळावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एम-२० ला मूळ मूठ अखेर मिळालीच नाही. मग एका बॅगा शिवणाऱ्याकडून जाड खाकी कॅनव्हास आणला, जुनी छायाचित्रं समोर ठेवून मिस्त्रींनी त्याच्या पट्ट्या कापल्या, आणि आम्ही दोघांनी मिळून त्या सरस लावून हँडलवर गुंडाळल्या. दोन वेळा चुकलं, तिसऱ्यांदा जाडी बरोबर आली. शेवटचा वेढा घालण्याआधी मी पट्टीच्या आतल्या बाजूला बॉलपेनने त्या दिवसाची तारीख आणि ‘नवी बनवली, मूळ नाही’ एवढं लिहिलं. मिस्त्रींनी ते वाचलं, मान डोलावली आणि पट्टी वरून घट्ट ओढून घेतली.